ऑफिसटाइमची एकशेआठ फुलं

“साहेब आले का ऑफिसात?”

हातात डबा घेऊन हे फाटकाशी उभे होते. मी वाफ्याच्या कडेला पाट टाकून बसले होते. पावणेदहा वाजले होते, आभाळ तव्याच्या बुडासारखं काळं होतं आणि समोरच्या वाफ्यातलं एकही फूल उघडलेलं नव्हतं.

“ते पिवळं जरासं हललंय,” मी म्हटलं.

“वाऱ्यानं असेल. चहा घे आणि मोकळी हो. शंकरानं विष घेतलं, तो तुझ्या चहाला नाही म्हणेल होय?”

“एकशेआठ झाल्यावर.”

“आज हॅलोजनपण नाही बरं का. रात्री वाऱ्यानं तार तुटलीय. गावात वीज नाही.”

एवढं सांगून हे सायकलवर टांग टाकून कारखान्यात गेले. माझं कपाळ ठणकत होतं. श्रावणातला शेवटचा सोमवार होता, महिन्याचा शेवटचा दिवसही तोच, आणि चहा नसला की माझं डोकं नऊलाच धरतं.

या साऱ्याला मीच कारण होते. आमच्या वसाहतीत पहाटे पाचला फुलं तोडायला बायका निघत. पिशवी खांद्याला, पदर डोक्यावर, पावलांचा आवाज नाही. पुढे बायाक्का चौगुले, मागे बाकीच्या. बायाक्का आमच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. साठीच्या, उंच, आवाज असा की टाळ झाकले जावेत. आमच्या अंगणात जास्वंद होती, तगर होती, कण्हेर होती. पण माझी आंघोळ होईतो झाडावर फक्त पानं उरत. एकदा तर दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्यासुद्धा गेल्या.

मिरजेला माझ्या भावाच्या दारात मी पहिल्यांदा ऑफिसटाइम पाहिलं. कुणी त्याला चिनी गुलाब म्हणतात. जमिनीवर सतरंजीसारखं पसरतं, पानं सुईएवढी आणि रसाळ, फुलं गुलाबी, केशरी, पिवळी, पांढरी. ऊन चढल्यावर नऊ-दहाला उघडतं, तीन-चारला मिटतं. पहाटे पाचला बघाल तर नुसते हिरवे दाणे. मी भावाला म्हटलं, “मला याचे चार शेंडे दे.” कशासाठी ते सांगितलं नाही.

मुळं लागतात असंसुद्धा नाही त्याला. निम्मी वाळू आणि विटांचा चुरा घालून वाफा केला, बोटानं भोकं पाडली, शेंडे खोचले आणि पाणी द्यायचं जवळजवळ विसरले. जास्त लाड केले की ते कुजतं. वैशाखात चार शेंड्यांचे चाळीस झाले, ज्येष्ठ संपता संपता फाटकापासून ओसरीपर्यंत वीस फूट वाफा भरला. पहाटेच्या बायका त्याच्या बाजूनं जात आणि बघतसुद्धा नसत. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत असे. अशा वेळी हसू नये, जप चालू असतो. पण मी हसत असे.

एक गोष्ट तेवढी कळत नव्हती. रोज सकाळी चार-दोन शेंडे खुडलेले दिसत. मला वाटे कुणाची तरी शेळी येते. पण खुडल्या जागी दोन-दोन फुटवे येऊन वाफा आणखीच दाट होई, म्हणून त्या शेळीला मी मनातून आशीर्वादच देत होते.

मग आषाढातल्या एका भजनाला, वडाखालच्या महादेवाच्या देवळात, मी हळूच म्हटलं, “देवाला चोरीची फुलं पोचतात का हो, बायाक्का?”

टाळ थांबले. बायाक्का म्हणाल्या, “फूल कुनाचं, वैनी? देवाचं. देवाचं देवाला न्यायला चोरी कसली?”

सगळ्या हसल्या. मी तिथेच गुरवमामांकडून तळहातावर पाणी घेतलं आणि संकल्प सोडला. येत्या श्रावणात रोज एकशेआठ फुलं, माझ्या अंगणात उगवलेली, माझ्या हातची, पूर्ण उमललेली, महादेवाला वाहीन. त्याआधी चहाचा घोटसुद्धा घेणार नाही.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला. “फूल उन्हावर उघडतं ना?”

“हो.”

“आणि श्रावणात ऊन कुठून आणणार?”

ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पहिला आठवडा देवानं निभावून नेला. पुढे आभाळ जे दाटलं ते उतरेना. रात्री मुळं कुजू नयेत म्हणून मी वाफ्यावर बांबूच्या कामट्या वाकवून प्लास्टिक घाली, सकाळी काढी आणि पाटावर बसे. कधी बाराला एकशेआठ पुरी होत, कधी सव्वाबाराला. मिटलेली फुलं वाहू का म्हणून गुरवमामांना विचारलं. ते म्हणाले, “कळी वाहत न्हाईत, वैनी. आनि जरा लवकर येत जावा. साडेबाराला मी दार लावतो, त्यालाबी इसावा पायजे.”

शेवटी ह्यांना माझी दया आली. कारखान्यातून लग्नाच्या मांडवात लावतात तसला हॅलोजन आणून वाफ्यावर उभा केला. फुलं फसली, तासाभरात उघडली. जवळची थोडी करपली. रस्त्यानं जाणारे विचारत, “अभ्यंकर, कुणाचं लग्न?” हे सांगत, “महादेवाचं.” तसे दहा-बारा दिवस निघाले होते. आणि आज वीजच नव्हती.

अकरा वाजले तेव्हा मी सत्तावन्न मोजली. साडेअकराला अडुसष्ट. बाराला एकाहत्तर, आणि बारीक भुरभुर सुरू झाली. उरलेली फुलं बघता बघता आणखी घट्ट मिटली. देऊळ बंद व्हायला अर्धा तास होता. सदतीस कमी.

एकाहत्तर परडीत घेतली आणि निघाले. जाऊन काय सांगणार ते ठरलं नव्हतं. जवळची वाट म्हणून बोळातून गेले. त्या बोळात बायाक्कांचं परसदार लागतं. न्हाणीघराच्या भिंतीला बाहेरून चुलवण आहे, तिथे पाणी तापवत. आदल्याच पावसात कुंपणाचा पत्रा पडला होता, म्हणून आतलं दिसलं.

चुलवणाच्या कडेनं चार घमेली मांडलेली होती. वर काचेची जुनी खिडकी आडवी टाकलेली. आणि काचेखाली, उबेला, गुलाबी, केशरी, पिवळी, पांढरी फुलं टवटवीत उघडलेली.

माझीच जात, माझेच रंग. कुठली शेळी ते मला तिथे कळलं.

इकडे-तिकडे पाहिलं. बायाक्का या वेळी देवळात असणार. मी पत्र्यावरून आत पाय टाकला, काच उचलली आणि खुडायला लागले. एक, दोन, तीन. घाईत पाचवं खाली पडलं. श्रावणभर मी महादेवापुढे नुसती मोजत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला काही मागितलं. म्हटलं, देवा, कुणी यायच्या आत उरकू दे.

छत्तिसाव्याला मागून आवाज आला.

“दोन-चार ठेवा की, वैनी. आमच्याबी देवाला लागतील.”

बायाक्का न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या. केस ओले, हातात तांब्या. देवळात गेल्याच नव्हत्या.

मी सदतिसावं खुडलं. आता थांबून काय उपयोग होता?

“ही माझीच आहेत,” मी म्हटलं. “माझ्या वाफ्यातले शेंडे नेलेत तुम्ही. रोज.”

“न्हेले की. तुमचं फूल पाचाला मिटल्यालं. फूल न्यायला मिळंना, म्हनून झाडच न्हेलं.”

“म्हणजे चोरलंत.”

“आनि तुम्ही आता काय करत हायसा? आरती?”

बायाक्का जवळ आल्या, रिकाम्या झालेल्या घमेल्यांकडे बघितलं आणि तांब्या खाली ठेवला. त्यांचा आवाज जरा उतरला.

“त्या दिशी तुमचं बोलनं लागलं मला. चाळीस वर्सं लोकांची फुलं वाहिली. म्हटलं, श्रावनातला एक सोमवार तरी आपल्या हातानं वाढवल्यालं न्यावं. आठ दिवस चुलवान इझू दिलं न्हाई. आज न्हेनार हुतो.” आणि मग एकदम हसू फुटलं त्यांना. “आयुष्यात पयल्यांदा सरळ मिळवल्यालं फूल, आनि तेबी चोरीला गेलं! तेबी तुम्ही! सगळ्या मंडळात तुम्हीच घावला न्हवं!”

मी परडी पुढे केली. “ही सदतीस तुमची. काढून घ्या. मी एकाहत्तरच नेते.”

“चला, देवळात बघू काय ते. बारा वाजून गेल्यात.”

आम्ही जवळजवळ पळतच गेलो. देऊळ बायकांनी भरलं होतं. गुरवमामा कुलूप हातात घेऊनच उभे होते. मी “मामा, यातली...” म्हणते तोवर त्यांनी परडी माझ्या हातातून घेतली, सगळी फुलं पिंडीवर ओतली आणि बाहेर येऊन मोठ्यानं म्हणाले, “वैनींचं व्रत झालं बगा! महिनाभर एकशेआठ, आनि एकबी फूल चोरीचं न्हाई! या देवळात असं कदी झालं नव्हतं!”

बायकांनी “हर हर महादेव” केलं. कुणी माझ्या पाया पडली. बायाक्का माझ्या शेजारी उभ्या होत्या, पदराचा बोळा तोंडात धरून. गुरवमामांनी सगळ्यांना बाहेर घातलं, निर्माल्य काढून पिंडी धुतली, जाळीच्या दाराला कुलूप लावलं आणि शेजारच्या त्यांच्या घरी जेवून झोपायला गेले.

बायाक्कांनी मला घरी नेलं. चुलीवर चहाचं आधण ठेवलं. आल्याचा वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कप पुढे ठेवला, तो मी मागे सारला.

“मला नाही चालणार. सदतीस कमी पडलीत.”

“गुरवानं सांगितलं की झालं म्हनून.”

“त्यांना कुठे माहीत होतं? ती सदतीस तुमची गेली. माझ्या अंगणातली नव्हती, माझ्या हातची नव्हती.”

“कुनाला कळतंय?”

मी कपावर बशी पालथी घातली. बायाक्कांनी माझ्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, आणि आपलाही कप चुलीशी झाकून ठेवला. “बाई का कोन तुम्ही! आता मलाबी घोट जायचा न्हाई.”

दोन वाजता ऊन पडलं. असं पडलं की अंगण वाफाळायला लागलं. आम्ही दोघी बोळातून धावत माझ्या वाफ्याशी आलो आणि उकिडव्या बसलो. केशरी आधी उघडली, मग गुलाबी. “ह्ये बगा, ह्ये!” बायाक्का बोट दाखवत होत्या, मी खुडत होते. खुडायला त्यांना हात लावू दिला नाही. तीस झाली. पस्तीस. छत्तीस. आणि ऊन आभाळात शिरलं.

एक पांढरं फूल अर्धं उघडून थांबलं होतं. बायाक्का त्याच्यावर ओणव्या झाल्या आणि तोंडानं हळूहळू ऊब देत राहिल्या, दुधाच्या पेल्यावर फुंकर घालावी तसं, पण उलटं. मी श्वास धरून बसले. पाकळ्या सुटल्या.

“घ्या!” त्या म्हणाल्या. “आता पळा. तीनला मिटतील, मग कळ्या झाल्या.”

“गुरवमामांना उठवायला हवं.”

“खुळ्या हायसा? उठीवला तर इचारल, मग सकाळची कुनाची? तुम्ही खरं सांगनार. माझी शेंड्यांची चोरी निघनार. भजनात तोंड दाखवायला नको मला.”

देवळात चिटपाखरू नव्हतं. गाभाऱ्याच्या जाळीपासून पिंडी आठ-नऊ हात आत. मी जाळीतून हात घातला आणि “ॐ नमः शिवाय” म्हणून पहिलं फूल टाकलं. ते उंबऱ्यापाशीच पडलं. दुसरंही तिथेच.

“कागदावानी हलकं हाय. भिजवा,” बायाक्का म्हणाल्या आणि तांब्या पुढे केला.

मग नीट जाऊ लागलं. पाण्यात बुडवायचं, नाव घ्यायचं, नेम धरायचा. “जरा डावीकडं. आत्ता! लागलं!” चुकलेली बायाक्का देवळातल्या झाडूची काठी जाळीतून घालून पुढे ओढत, आणि मी पुन्हा टाकत असे. पन्नाशीला आलेली मी आणि साठीच्या त्या, दोघी जाळीला नाक लावून. एकदा फूल थेट वरच्या अभिषेकाच्या भांड्यात पडलं तेव्हा बायाक्का खालीच बसल्या, त्यांना हसू आवरेना. मी त्यांचं तोंड दाबलं, आणि माझंच सुटलं. पस्तीस, छत्तीस. शेवटचं पांढरं पिंडीच्या माथ्यावर जाऊन बसलं, कुणी हातानं ठेवावं तसं.

आम्ही उंबरा झाडून घेतला, नमस्कार केला आणि घरी येऊन चहा घेतला. दोन-दोन कप. तसला चहा मी पुन्हा प्यालेली नाही.

पाचला गुरवमामांची हाक साऱ्या वसाहतीत ऐकू आली. सगळ्या धावल्या, आम्हीही गेलो. ते गाभाऱ्याच्या दारात मटकन बसले होते, कुलूप हातात.

“मी धुतलीवती,” ते म्हणत होते. “ह्या हातानं धुतली. किल्ली माझ्या करगोट्याला. आनि बगा!”

पिंडीभोवती फुलं होती, ओली. मिटायला लागलेली. माथ्यावर एक पांढरं. बायका हात जोडून उभ्या राहिल्या. खोटं आतापर्यंत एक झालं होतं, तेही मी चहा नाकारून पुसलं होतं. आता हे दुसरं. मी पुढे झाले.

“गुरवमामा, ती फुलं...”

“तुमच्याच अंगनातली हायत, मी वळखली.” त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. सत्तरीचा माणूस, पण तोंड एखाद्या पोरासारखं झालं होतं. “वैनी, छत्तीस वर्सं पूजा करतो. बापानंबी केली. रोज पानी, रोज भस्म. त्यानं कदी हूं का चूं केलं न्हाई. मी म्हनायचो, हाय का न्हाई कुनाला ठावं, आपुन आपलं काम करावं. आज त्यानं मला दाखवलं. म्हातारपनी का हुईना, दाखवलं.”

माझं तोंड उघडंच होतं. बायाक्कांनी मागून दंडाला चिमटा काढला; काढायची गरज नव्हती. मी खाली वाकून गुरवमामांना नमस्कार केला आणि बाजूला झाले.

दुसऱ्या दिवसापासून गुरवमामा दुपारचे झोपेनात. जाळीसमोर घोंगडी टाकून पिंडीकडे बघत बसत, पुन्हा काही होतंय का म्हणून. पाऊस संपला, हिवाळा गेला, उन्हाळा आला. काहीच होत नव्हतं. भजनाला गेलं की ते हळूच विचारत, “वैनी, माझं काही चुकलं असंल का?”

पुढचा श्रावण आला. शेवटच्या सोमवारी ऊन चांगलं होतं. दुपारी बायाक्का देवळात गेल्या आणि विहिरीत पोहरा पडलाय, जरा गळ टाकून द्या, असं म्हणून गुरवमामांना घेऊन गेल्या. पोहरा खरंच पडला होता. त्यांनीच तो सकाळी टाकला होता. मी खांबाआडून पुढे आले. परडीत सदतीस फुलं होती, तांब्यात पाणी होतं, आणि वर्षभरात माझा नेमही सुधारला होता. अंगणात मी भिंतीवर लोटा ठेवून सराव केला होता. हे ओसरीवरून बघत आणि पेपर तोंडापुढे धरत.

गुरवमामा आणखी अकरा वर्षं जगले. तेवढे श्रावण मी हे व्रत केलं. त्यासाठी तळहातावर पाणी घेऊन संकल्प कधी सोडला नाही, उद्यापनही केलं नाही.